तिखट ही चव नाही म्हणे

पिल्लू,

काल पाडव्याची कडुलिंबाची चटणी तोंड वाकडं करत गिळलीस आणि विचारलंस, आई, आपण सहा चवी म्हणतो, सायन्सच्या टीचर पाचच म्हणतात, तिखट ही चवच नाही म्हणतात, मग आपलं चुकतं का? मी पुरणाच्या गडबडीत होते, म्हणून आज नीट लिहितेय.

त्या चटणीत कडुलिंबाचा पाला, गूळ, चिंच, मीठ आणि मिरी होती. यातलं कडू, गोड, आंबट, खारट हे जिभेवरच्या टेस्ट बड्सना कळतं आणि त्या ते चेतापेशींना कळवतात. जिभेच्या पुढच्या भागाच्या चेतापेशी कुठे बसलेल्या असतात माहितेय? कानाजवळच्या हाडात! तिथून त्यांचे बारीक धागे कानाच्या पडद्यामागून जिभेपर्यंत येतात, म्हणूनच कानाच्या ऑपरेशननंतर काही जणांना काही दिवस तोंडात धातूसारखी चव येत राहते. मला हे वाचून इतकं नवल वाटलं की मी दोनदा वाचलं.

मिरी मात्र या वाटेने जातच नाही, मिरचीही नाही. ते काम चेहऱ्यातल्या दुसऱ्याच एका नसेचं, ट्रायजेमिनल नावाच्या, जिला भाजलेलं, दुखलेलं कळतं. मिरचीतलं कॅप्सायसिन त्या नसेच्या टोकाला चिकटलं की तिला वाटतं खरंच चटका बसला. हे नेमकं कसं होतं ते डेव्हिड ज्युलियस यांच्या टीमने 1997 मध्ये शोधलं, 2021 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तू मिरचीचा हात डोळ्याला लावून रडली होतीस ना, डोळ्याला चव कुठे कळते, पण ही नस डोळ्यातही आहे, म्हणून झोंबलं.

तुरटपणाही बराचसा असाच, कच्च्या केळ्याने जीभ आवळल्यासारखी होते तो.

म्हणजे टीचर बरोबर आहेत, पण आपलंही चुकलेलं नाही गं. आपल्याकडे चव म्हणजे घास तोंडात गेल्यावर जे जे जाणवतं ते सगळं, आणि तिखटाशिवाय आपलं ताट मला तरी ताट वाटत नाही. टीचरच्या पाचातली उमामी आपल्या सहात नाही, ती टोमॅटोच्या साराचा भुरका मारलास की कळेल, त्याला आपण नुसतं चविष्ट म्हणतो.

शनिवारी ठेचा करणारेय. झोंबला तर पाणी पिऊ नकोस, कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, दह्याची वाटी शेजारी ठेवते.

तुझी आई