बाहेरची कडी

प्रिय बाळ,

पत्र वाचलं. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की सातवीतला तो पोरगा बाक ढकलतो, आडवं येईल त्याला लोटून पळत सुटतो. मुख्याध्यापक सांगतात, दोघांनी धरा, साहित्याच्या खोलीत घाला, थंड झाला की आणा. तुला ते पटत नाही आणि तरी तू मलाच विचारतेस, 'सर, माझं चुकतंय का?' नाही चुकत. मूल आत असताना कुठल्याही खोलीला बाहेरून कडी लागता कामा नये.

तो शिरोळकडचा, २०१९ च्या महापुरात होडीतून बाहेर काढलेला, असं लिहितेस. कारण तेच असेल, नाहीतर घरातलं काही असेल. कारण सिद्ध होईपर्यंत थांबू नकोस. घाबरलेल्या पोराचं अंग लढायला किंवा पळायला तयार झालेलं असतं. विचार करणं तेवढ्यापुरतं मागं पडतं. तेव्हा दोन मोठी माणसं दंड धरतात आणि त्याची भीती खरी ठरते. कोंडल्यावर तो थंड होत नाही गं, दमतो. किंवा आतल्या आत मिटतो, आणि आपण त्याला शिस्त लागली म्हणतो.

वर्गातून त्याला काढू नकोस, बाकीच्यांना काढ. शेजारच्या वर्गाच्या बाईंना आधीच सांगून ठेव. पोरं त्यांच्याबरोबर व्हरांड्यात जातील. तू थांब, पण दार अडवून नको. बाजूला बस, त्याच्यापेक्षा खाली. 'मी इथंच आहे,' एवढंच बोल, हळू आवाजात. 'का केलंस?' तर मुळीच नको. ते बोलणं दुसऱ्या दिवशी, खिचडी खाऊन झाल्यावर.

खरं काम मात्र त्याच्या आधीचं असतं. एक वही घाल: वेळ काय होती, आधी काय घडलं, जवळ कोण होतं. आभाळ भरून आलं तर सकाळीच त्याला सांग, आज पाऊस वाजेल. जागा दाराजवळची दे. व्हरांड्यात एक कोपरा ठरवा. नुसती खूण करून त्यानं आपण होऊन जायचं, आपण होऊन परत यायचं. 'जा तिकडं' असं कुणी म्हटलं की तो कोपराही शिक्षेचा झाला. कडी दाराला नसली तरी शब्दाला असते, हे लक्षात ठेव.

धरायचं कधी? रस्त्यावर धावला, हातात काच आली, तेव्हा. तेवढ्या क्षणापुरतं. पालथं कधीच पाडायचं नाही, पाठीवर-छातीवर भार द्यायचा नाही, श्वास कोंडतो. अमेरिकेत २००९ साली तिथल्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयानं शाळांतल्या अशा धरण्या-कोंडण्याच्या शेकडो तक्रारी समोर आणल्या. त्यात मृत्यूही होते आणि बहुतेक मुलं दिव्यांग होती. म्हणून धरावं लागलंच तर त्याच संध्याकाळी घरी सांगायचं आणि लिहून ठेवायचं.

'बाकीचे पालक काय म्हणतील?' हे पुन्हा लिहू नकोस. ज्या मुलीला त्यानं लोटलं तिच्या घरी जा. तिचं दुखणं खरं आहे. तो कोंडला म्हणून ते कमी होत नाही.

मी होतो त्या एका शाळेतही अशी खोली होती. मी रविवारी जाऊन कडी काढली, कुणाला न विचारता. गोपनीय अहवालात शेरा आला, 'वर्गावर नियंत्रण नाही.' लोक हट्टी म्हणाले. म्हणोत. ती कडी काढलीच पाहिजे होती, आजही काढेन. वाईट याचं वाटतं, की माझी बदली झाली आणि कडी पुन्हा बसली. मी एकट्यानं काढली होती ना. तू एकटीनं काढू नकोस, शाळा व्यवस्थापन समितीकडून काढून घे.

तिथं ऐकायला मिळेल, 'आम्ही मारत नाही, फक्त बसवतो.' शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम १७ वाचून दाखव; शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही त्यात बंदी आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, हे आपण भाषणात अभिमानानं सांगतो. पोरांना सक्तीनं शाळेत आणायचं असेल, तर तिथं त्यांना कोंडायचा अधिकार आपल्याला कुणी दिला, हेही विचार.

बैठकीची तारीख कळव. बोलावलंत तर मी येतो. वही मात्र उद्याच घाल.

तुझा,
सर