आधी निदान, मग तार

प्रिय मुली,

तुझे पत्र मिळाले. दात सरळ करण्याचे तिन्ही दवाखान्यांचे दर तू शेजारी शेजारी मांडलेस, अलायनरचा, म्हणजे दातांवर चढवायच्या त्या पारदर्शक साच्यांचा, मासिक हप्ताही काढलास. पण तुझ्या दातांत नेमके काय बिघडले आहे, याविषयी चार पानांत एक ओळ नाही. निदान कोणी केले?

मी तिशीत हा प्रश्न विचारला नाही. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तोंडात आरसा फिरवून "वरच्या दोन उपदाढा काढू, जागा होईल" असे सांगितले आणि मी मान डोलावली. चेहऱ्याचा बाजूने एक्स-रे, म्हणजे सेफॅलोग्राम, काढलाच नाही. दात सरळ झाले, पण वरचा ओठ आत गेला. पुढे रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारे साधन, मी तीन महिन्यांत खणात टाकला, हा दोष मात्र माझा; खालचे दोन दात पुन्हा एकमेकांवर चढले आहेत आणि मेथीची काडी रोज तिथेच अडकते.

म्हणून बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीनंतर तीन वर्षे ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे दात सरळ करण्याच्या शाखेत, एमडीएस ही पदव्युत्तर पदवी केलेल्या डॉक्टरांनीच निदान करावे, हा माझा हेका आहे. खर्च झेपत नसेल तर मुंबई किंवा नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात जा. तिथे एमडीएसचे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. हेलपाटे पडतील, पडू देत. दातांना तार लावायची की अलायनर, हा प्रश्न त्यानंतरचा. अलायनर दिवसाचे वीस ते बावीस तास तोंडात हवेत आणि चहासाठी काढावे लागतात. तुझे पाच चहा मला ठाऊक आहेत.

याच हट्टापायी मी माझ्या मुलीला दोन वर्षे थांबवले. तिचा खालचा जबडा मागे होता आणि त्याची वाढ वळवण्याचे वय त्यात निघून गेले, हे तिच्या डॉक्टरांनी मला सौम्य शब्दांत सांगितले. शाळेच्या निरोप समारंभाच्या फोटोत ती ओठ घट्ट मिटून उभी आहे. तरीही चुकीच्या हातांपेक्षा उशीर बरा, असे मी मानतो. ती मानत नाही. तुझ्या जबड्याची वाढ केव्हाच पूर्ण झाली आहे, तेव्हा तुला तर महिनाभर थांबायला काहीच हरकत नाही.

शनिवारी जाशील तेव्हा हप्त्यांचा कागद घरी ठेव. एक्स-रे समोर ठेवून दोष दाखवायला सांग, दात काढायचे असतील तर का, ते विचार, आणि दर महिन्याला तुला स्वतः कोण तपासणार त्यांचे नाव लिहून घे. मग मला फोन कर.

तुझा,
काका