ई गाडीत झोपलेली माणसं

प्रश्न : ताई, थंडीत लेकीकडे न्यूयॉर्कला आले आहे. ‘ई’ मार्गाच्या मेट्रोने जाताना डब्याच्या कोपऱ्यात कुणी ना कुणी बोचक्यांसकट झोपलेलं असतं. जावई म्हणतात, ‘इथे सरकार प्रत्येकाला निवारा देतं, हीच माणसं जात नाहीत.’ मला पटत नाही. या माणसांसाठी मी काय करू?
— एक वाचक

उत्तर : निवारा मिळतो, हे जावईबापूंचं म्हणणं बरोबर आहे. 1979 साली रॉबर्ट हेझ या तरुण वकिलाने बेघर पुरुषांच्या वतीने दावा लावला. गरजूंची काळजी राज्याने घ्यावी, असं न्यूयॉर्क राज्याच्या घटनेतच लिहिलेलं होतं, त्यावर त्याने बोट ठेवलं. 1981 मध्ये निवारा द्यायचं शहराने लेखी मान्य केलं. ज्याच्या नावाने दावा होता तो रॉबर्ट कॅलाहन मात्र त्याआधीच रस्त्यावर मेला होता.

आता ‘जात नाहीत’चं बघू. एका निवाऱ्यात मी रात्री नोंदणीला बसायचे. एका हॉलमध्ये ओळीने खाटा. माणसं बूट उशाखाली घेऊन झोपायची, पिशवीचा पट्टा मनगटाला गुंडाळून. औषधं, ओळखपत्र, फोन, सगळं चोरीला जायचं. कागद गेले की घराचा अर्ज पुन्हा पहिल्यापासून. एकाने मला सांगितलं होतं, ‘गाडीत रात्रभर दिवे असतात, मला कुणी मारलं तर निदान चार जण बघतील.’ त्याला हट्टी कसं म्हणायचं? आणि ई गाडीच का, तर ती टोकापासून टोकापर्यंत जमिनीखालूनच धावते, त्यामुळे थंडी कमी लागते.

मूळ दुखणं खोल्यांचं आहे. एकट्या माणसाला परवडणाऱ्या, सामाईक संडास-बाथरूमच्या खोल्या या शहरात पूर्वी भरपूर होत्या. 1955 मध्ये नव्या बांधायला बंदी आली. पुढे करसवलतीच्या आधाराने मालकांनी जुन्या मोडून महागडे फ्लॅट काढले. त्याच काळात मनोरुग्णालयंही रिकामी केली गेली. ती माणसं जाणार कुठे? आणि गाडीत दिसतात ती थोडीच. निवाऱ्यांत मुलाबाळांची कुटुंबं कितीतरी जास्त आहेत. त्यातले आईबाप सकाळी कामावर जातात, पोरं शाळेत.

तुम्ही जाड लोकरी मोजे द्या. ओल्या बुटांत दिवसच्या दिवस राहून पाय सडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. झोपलेल्याला हलवून उठवू नका, शेजारी ठेवून द्या. माणूस जागा असेल तर आधी ‘काय हवंय?’ विचारा. कुणी बाहेर कुडकुडत असेल तर 311 या शहराच्या मदत क्रमांकावर फोन करून नेमकी जागा सांगा, मदतीचं पथक येतं. त्यांच्याकडे ‘सेफ हेवन’ म्हणून लहान निवारेही असतात. तिथे नियम कमी, गर्दी कमी, त्यामुळे मोठ्या हॉलला नाही म्हणणारेही तिथे पुष्कळदा तयार होतात. माणूस हाकेला ओ देत नसेल तर मात्र थेट 911, म्हणजे तातडीच्या मदतीचा क्रमांक.