सोलर बसवला, तरी लाईट गेली की अंधारच?

प्रश्न: डिचोलीला आमचं घर आहे, गेल्या वर्षी छपरावर तीन किलोवॅटचा सोलर बसवला. ७८ हजार सबसिडी मिळाली, बिल पण जवळजवळ शून्यावर आलं, सगळं मस्त. पण जुलैत वाऱ्यात माडाचं चुडत वायरवर पडलं आणि लाईट गेली ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत. छपरावर पॅनल, वर बऱ्यापैकी उजेड आणि घरात पंखा बंद! शेजाऱ्यांचा जुना बॅटरी-इन्व्हर्टर, ते निवांत टीव्ही बघत होते. बसवणारा तर म्हणाला होता की आता लाईट गेली तरी टेन्शन नाही. फसलो का आम्ही?

उत्तर: काका, पैशाच्या हिशोबात नाही फसलात, पण बसवणाऱ्याने तुम्हाला अर्धंच सांगितलं. तुमच्याकडे आहे ती ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या वीज लायनींच्या जाळ्याला, बांधलेली सिस्टीम. तिचा इन्व्हर्टर बाहेरच्या लायनीच्या तालावर चालतो, आणि लायन मेली की तो मुद्दाम स्वतःला बंद करतो. बिघाड नाही हा, नियमच आहे. कारण विचार करा, ते चुडत काढायला लाईनमन खांबावर चढलाय, त्याला वाटतंय लायन बंद आहे, आणि तुमच्या छपरावरून त्याच वायरीत करंट येतोय!

लाईट गेल्यावरही घर चालू हवं असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. तो घराला लायनीपासून तोडतो आणि आतल्या आत चालवतो. खर्च वाढतो, आणि सबसिडी पॅनलच्या किलोवॅटवर मोजतात, बॅटरीवर नाही, हे आधीच लक्षात घ्या. पण बॅटरी फार मोठी नको. नवीन बीएलडीसी पंखा साधारण ३० वॅट खातो, जुना ७५, म्हणजे तीन पंखे रात्रभर, चार-पाच दिवे, वायफाय आणि फ्रिज धरला तरी दोन-अडीच युनिटात रात्र निघते. पाच युनिटांची बॅटरी घेतली तर चवथीला पाहुणे आले तरी चालेल. विहिरीचा पंप आणि एसी मात्र त्यावर टाकू नका, पंप सुरू होताना जो झटका घेतो त्यानेच छोटा इन्व्हर्टर ट्रिप होतो.

आणि एक. तुमची लाईट गेली ती चुडतामुळे, कोळसा संपल्यामुळे नाही. वीज स्वच्छ असणं वेगळं आणि भरवशाची असणं वेगळं, आपण दोन्ही एकाच पिशवीत घालतो. चुडताचं उत्तर म्हणजे जमिनीखालची केबल, कव्हर असलेली वायर आणि मे महिन्यात वेळेवर छाटलेल्या फांद्या. उद्या सगळा देश सूर्यावर चालला तरी चुडत पडायचं ते पडणारच.

प्रश्न: मी कॉलेजला आहे, म्हापसा. आमच्या ग्रुपवर रोज वाद, एक म्हणतो मुरगाव बंदरातला कोळसा आपल्या विजेसाठीच येतो, दुसरी म्हणते गोव्यात चार महिने पाऊस, इथे कोळशाशिवाय जमणारच नाही. खरं काय?

उत्तर: पहिला चुकलाय. मुरगावला उतरणारा कोळसा मुख्यतः कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. आपल्या विजेचा कोळसा आपल्याला दिसतच नाही, तो जळतो छत्तीसगडमध्ये कोरब्याला, मध्य प्रदेशात विंध्याचलला, आणि आपल्याकडे येते फक्त तार. म्हणून गोवा एवढा हिरवा दिसतो! राख त्यांच्या अंगणात, एसी आपल्या खोलीत. मला हे जरा खटकतंच.

दुसरीचं म्हणणं अर्धं बरोबर. एक किलोवॅट पॅनल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतं, आषाढात ते निम्म्यावर वगैरे येतं. पण वीज काय फक्त आपल्याच छपरावर बनते का? ज्या दिवसांत आपल्याकडे धो धो असतं त्याच दिवसांत साताऱ्याच्या पठारावरच्या, कर्नाटकात गदगच्या पवनचक्क्या जोरात फिरतात, देशातली वर्षभरातली निम्म्याहून जास्त पवनवीज पावसाळ्याच्या त्या चार महिन्यांत होते. पाऊस संपला की धरणं भरलेली, एकट्या कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट. आणि मार्च-मे सूर्य आहेच. पाऊस हा मला मोठा अडथळा वाटत नाही, अडचण आहे ती संध्याकाळी साडेसहानंतरची, सूर्य बुडतो आणि त्याच वेळी घराघरात, हॉटेलांत एसी लागतात.

त्यासाठी साठवण लागते. बॅटऱ्या आहेतच, पण पाण्याची बॅटरी जुनी आणि टिकाऊ. महाराष्ट्रात घाटघरला २५० मेगावॅटचं असं केंद्र आहे, स्वस्त वीज असेल तेव्हा खालचं पाणी वर चढवायचं, गरजेला खाली सोडायचं. चारातलं साधारण एक युनिट वाटेत जातं, पण संध्याकाळचं युनिट दुपारच्यापेक्षा महाग असतं, म्हणून परवडतं.

आणि काणकोण ओलांडून कारवारला गेलात की काळी नदीकाठी कैगा आहे, २२० मेगावॅटच्या चार अणुभट्ट्या. त्यातली पहिली २०१८च्या अखेरपर्यंत सलग ९६२ दिवस न थांबता चालली, तेव्हा तो जगातला विक्रम होता. कचऱ्याचा प्रश्न खरा, विस्थापितांचा राग खरा, पण वारा-पावसाची वाट न बघता मध्यरात्रीसुद्धा धुराशिवाय वीज देणारं दुसरं काय आहे हे ग्रुपवर विचारून बघ. शिव्या पडल्या तर माझं नाव सांग.

राहिला तारांचा मुद्दा. बाहेरची वीज आणायची तर लायनी पाहिजेत, आणि मोलेच्या रानातून जाणाऱ्या लायनीसाठी झाडं तोडण्यावरून किती वाद पेटला ते तुला माहीतच असेल. मला रान हवं आणि लायनही हवी, म्हणून जुन्याच मार्गावर जास्त ताकदीची तार टाकता येते का हे आधी बघावं असं मी म्हणतो. त्यातही खर्च आहे, वेळ आहे.

प्रश्न: पेडण्याला कौलारू घर, चारी बाजूंनी माड. सोलर लावू का? माड कापावे लागतील म्हणतात.

उत्तर: वहिनी, नका कापू. एका पॅनलवर सावली पडली तरी त्या ओळीतली बाकीची पॅनलं मागे खेचली जातात, म्हणून चारी बाजूंनी माड असलेल्या छपरावर सोलरचे पैसे वसूल व्हायला वर्षानुवर्षं लागतील. त्यापेक्षा आधी पंखे बदला, जुना फ्रिज असेल तर तो बदला. आणि गोठ्याच्या मागे मोकळी उन्हाची जागा असेल तर तिथे दहा ते तीन सावली येते का ते एक दिवस बघून मला परत लिहा.