बी.फार्म.नंतर एमबीबीएस करायचे असेल, तर पैशांचा हिशेब कुठून मांडावा?

आपल्या प्रश्नाचा सारांश असा. वय २७, बी.फार्म. पूर्ण, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील औषध कंपनीत गुणवत्ता नियंत्रण विभागात चार वर्षे आठ महिन्यांची नोकरी, हातात चाळीस हजार रुपये पगार. वडील निवृत्त असून त्यांना पस्तीस हजार रुपये निवृत्तिवेतन. इंदिरानगरमध्ये कर्जमुक्त फ्लॅट आणि निफाड तालुक्यात दीड एकर द्राक्षबाग. आता ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा देऊन एमबीबीएस करायचे आहे, तर या दुसऱ्या पदवीचा खर्च शिष्यवृत्तीतून, कर्जातून की घरच्या पैशांतून भागवावा, असे आपण विचारले आहे. मी नाशिकमधील एका बँकेच्या कर्ज विभागात अनेक वर्षे काम केले असून शैक्षणिक कर्जाच्या बऱ्याच फाइली माझ्या टेबलावरून गेल्या आहेत, त्यामुळे माझे उत्तर त्याच अंगाने जाईल.

पात्रतेविषयी फार लिहीत नाही. नीटसाठीची कमाल वयोमर्यादा २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली आहे आणि आधीची पदवी असणे प्रवेशाच्या आड येत नाही. बारावीला जीवशास्त्र नसलेल्यांनाही तो विषय नंतर अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण होऊन नीट देण्याची मुभा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये दिली. शुल्क न आकारणारे पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय मात्र आपल्या वयाला बंद आहे.

खरी अडचण सवलतींच्या बाबतीत येते. आपल्याकडील बहुतेक शैक्षणिक सवलती पहिल्या पदवीचा विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या आहेत. केंद्र सरकारच्या व्याज अनुदान योजनेत कर्जाच्या सवलत काळातील, म्हणजे हप्ते सुरू होण्याआधीच्या काळातील, व्याज सरकार भरते, पण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असावे लागते आणि हा लाभ पहिल्या पदवीसाठी किंवा पदव्युत्तर शिक्षणासाठी एकदाच मिळतो. बी.फार्म. झालेल्या माणसाचे एमबीबीएस यांपैकी कशातच बसत नाही. अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांतही एका व्यावसायिक शाखेचे शिक्षण पूर्ण करून दुसऱ्या व्यावसायिक शाखेत जाणाऱ्यांना अपात्र ठरवलेले आहे. आपण आपला प्रवर्ग लिहिलेला नाही, पण आर्थिक निकषावरच्या योजनांकडे पाहिले तरी तेथे उत्पन्नाची अट आडवी येते. राज्याच्या राजर्षी शाहू शिष्यवृत्तीसाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा आठ लाख आहे. आपला पगार आणि वडिलांचे निवृत्तिवेतन मिळून वर्षाला नऊ लाख होतात, आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मागील आर्थिक वर्षाचा असल्यामुळे नोकरी सोडली तरी पहिल्या वर्षी जुनाच पगार मोजला जातो. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरील अर्जात आधीची पदवी लपवण्याचा सल्ला देणारे लोक भेटतील. त्यांच्या नादी लागू नये, कारण बी.फार्म.ची नोंद आधीपासूनच त्या यंत्रणेत असू शकते आणि वसुलीची नोटीस शिक्षण चालू असतानाच हातात पडते.

म्हणून शिष्यवृत्ती मिळाली तर ठीक, असे समजून तिला हिशेबातून वगळावे आणि सगळे लक्ष आपल्याला कोणत्या प्रकारची जागा मिळते याकडे द्यावे. लोक व्याजदर साडेनऊ टक्के की साडेदहा टक्के यावर तासन्‌तास चर्चा करतात, परंतु त्याने जो फरक पडतो त्याच्या कित्येक पट फरक जागेच्या प्रकाराने पडतो. शासकीय महाविद्यालयातील वार्षिक शुल्क एक-दीड लाखाच्या घरात असते. केंद्रीय प्रवेश फेरीतून खासगी महाविद्यालयात जागा मिळाली, तर ते अनेक ठिकाणी आठ ते दहा लाखांच्या आसपास जाते. अभिमत विद्यापीठांत वीस लाखांच्या वर आकडे दिसतात, आणि खासगी महाविद्यालयातील संस्था स्तरावरील कोट्यात (ज्याला लोक मॅनेजमेंट कोटा म्हणतात) तर मूळ शुल्काच्या कित्येक पट रक्कम मोजावी लागते. प्रत्येक खासगी महाविद्यालयाचे मंजूर शुल्क शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते. एजंट सांगेल त्या आकड्यावर न जाता तो आकडा पाहावा. पावतीशिवाय रोख मागणारा कोणी भेटला, तर तेथूनच परत फिरावे. महाराष्ट्रात देणगी घेण्यास १९८७ च्या कायद्याने बंदी आहे, आणि अशा रकमेसाठी कोणतीही बँक एक रुपयाही देत नाही.

आता प्रत्यक्ष आकडे मांडून पाहू. शुल्क साडेचार वर्षांचे असते आणि त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता (इंटर्नशिप) असते. शासकीय जागेचे वर्षाला दीड लाख धरले, तर साडेचार वर्षांचे पावणेसात लाख होतात. ही रक्कम साडेसात लाखांच्या आत बसते, आणि या मर्यादेपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकारच्या हमी योजनेमुळे सहसा तारण लागत नाही. राहण्या-खाण्याचा खर्च आपल्या बचतीतून निघाला, तर वडिलांच्या घराला हात लावण्याची वेळच येत नाही. नाशिकला २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही झाले आहे, त्यामुळे घरी राहून शासकीय शुल्कात शिकण्याची निदान शक्यता तरी निर्माण झाली आहे. मात्र शासकीय महाविद्यालयातून शिकल्यावर एक वर्षाची बंधपत्रित सेवा करावी लागते, आणि ती टाळल्यास दहा लाख रुपये भरावे लागतात. माझ्या मते ती सेवा टाळूच नये. तिला पगार असतो आणि आपल्यासारख्या उशिरा सुरुवात करणाऱ्याला तो हवाच असतो.

खासगी जागेचे वर्षाला नऊ लाख धरा. साडेचार वर्षांचे साडेचाळीस लाख झाले. कर्जाचा सवलत काळ म्हणजे अभ्यासक्रमाची साडेपाच वर्षे आणि पुढचे एक वर्ष, अशी एकूण साडेसहा वर्षे. त्या काळात दहा टक्के दराने सरळव्याज आकारले, तरी सुमारे एकोणीस लाख रुपये व्याज साचते. म्हणजे हप्ता सुरू होण्याच्या दिवशी आपल्या नावावर जवळपास साठ लाख रुपये उभे असतात, आणि पंधरा वर्षांच्या परतफेडीचा मासिक हप्ता चौसष्ट हजारांच्या आसपास येतो. पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला असे धरले, तर शेवटचा हप्ता भरताना आपण पन्नाशीत असाल. शिवाय नुसत्या एमबीबीएसवर आजकाल कोणी थांबत नाही; पदव्युत्तर शिक्षणाची तीन वर्षे याच हप्त्यांच्या काळात येतात, आणि निवासी डॉक्टरच्या विद्यावेतनातून हा हप्ता भरून घर चालवणे किती कठीण आहे, हे वेगळे सांगायला नको. यात आपला बुडालेला पगारही मिळवावा. चाळीस हजारांप्रमाणे साडेपाच वर्षांचे सव्वीस लाखांहून अधिक होतात, आणि हा आकडा कोणत्याही कर्जाच्या कागदावर दिसत नाही. नोकरी करत करत शिकू, ही आशा बाळगू नये. तासिकांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के उपस्थिती सक्तीची असते.

तारणाबाबत थोडे सविस्तर लिहितो, कारण नाशिक जिल्ह्यातील कुटुंबांची सर्वाधिक निराशा येथेच होते. साडेसात लाखांच्या वर कर्ज गेले की बँक मालमत्ता मागते. "आमची बाग एवढ्या लाखांची आहे, मग अडचण काय?" हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे. अडचण अशी आहे की कर्ज थकल्यास न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याचा जो अधिकार सरफेसी कायद्याने बँकांना दिला आहे, तो शेतजमिनीला लागू होत नाही. त्यामुळे शैक्षणिक कर्जासाठी शेतजमीन तारण म्हणून स्वीकारायला बहुतेक शाखा नाखूश असतात, मग बागेत कितीही उत्तम माल का येत असेना. दिंडोरी तालुक्यातील एका मुलाची फाइल मला चांगली आठवते. वडिलांनी सातबारा उतारे प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून आणले होते, आणि प्रत्येक उताऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात विविध कार्यकारी सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा चढलेला होता. गावातील घर गावठाणात होते आणि त्याचा मंजूर नकाशा नव्हता. अखेर नाशिकरोडला राहणाऱ्या मामांनी आपला फ्लॅट तारण दिला, तेव्हा ते कर्ज मंजूर झाले. आपल्याकडे इंदिरानगरचा फ्लॅट आहे ही जमेची बाजू आहे, पण मूळ खरेदीखत, सूची क्रमांक दोनचा उतारा, बांधकाम पूर्णत्वाचा दाखला, सोसायटीचे ना हरकत पत्र आणि आधीचे गृहकर्ज असल्यास ते फिटल्याचा बँकेचा दाखला ही कागदपत्रे आताच पाहून ठेवावीत. बँकेच्या पॅनेलवरील वकिलाचा मालकीहक्काचा शोध अहवाल आणि मूल्यांकन यांत सहज दोन-तीन आठवडे जातात.

त्याचबरोबर हेही स्पष्टपणे लिहिणे मला आवश्यक वाटते की, निवृत्त आई-वडिलांचे राहते आणि एकमेव घर साठ लाखांच्या बोज्याखाली ठेवण्यास मी विरोध करीन. फ्लॅटच्या तारणावर दहा-पंधरा लाख घेणे वेगळे आणि त्याची पूर्ण किंमत पणाला लावणे वेगळे. वडिलांचे वय पाहता बँकही केवळ त्यांच्या निवृत्तिवेतनावर सहकर्जदार म्हणून समाधानी राहील असे नाही; कमावती बहीण, भाऊ किंवा पत्नी असल्यास तिचे वा त्याचे नाव विचारले जाईल. आपण स्वतः नोकरी केलेली असल्याने आपला सिबिल अहवालही, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाची नोंद, तपासला जाईल, आणि मोबाइलच्या हप्त्याची जुनी थकबाकीसुद्धा त्यात दिसते. दुसरी पदवी असणे ही बाब मात्र बँकेला खटकत नाही. उलट कर्ज फिटेपर्यंत प्रसंगी करता येईल असा फार्मसीचा व्यवसाय हाताशी आहे, हे अर्जासोबतच्या पत्रात अवश्य लिहावे.

अभ्यासक्रमाच्या काळात निदान व्याज भरत राहिल्यास साचणारे एकोणीस लाख टळतात, आणि काही बँका त्यासाठी व्याजदरात एक टक्क्यापर्यंत सूटही देतात. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला साडेसात हजार येते, चौथ्या वर्षी ते तीस हजारांवर जाते. म्हणजे आपली बचत शुल्कात एकदम घालण्यापेक्षा व्याजासाठी राखून ठेवणे अधिक सोयीचे ठरू शकते. आयकरातील ८०ई या नावाने ओळखली जाणारी वजावट येथे अनेकांची दिशाभूल करते. ती व्याजाच्या पूर्ण रकमेवर मिळते हे खरे, पण व्याज भरण्यास सुरुवात केल्यापासून आठच वर्षे मिळते, आणि ती फक्त जुन्या करप्रणालीत आहे. शिकत असताना आपल्याला करपात्र उत्पन्नच नसेल, तर त्या आठांपैकी पाच-सहा वर्षे कोरडीच जातील. तरीही व्याज भरावे, कारण साचलेल्या व्याजाचे नुकसान त्या वजावटीच्या फायद्यापेक्षा मोठे आहे. एवढेच की ती वजावट परतफेडीच्या गणितात धरू नये.

परदेशी एमबीबीएसचे स्वस्त पॅकेज दाखवणाऱ्या जाहिराती आपल्याही पाहण्यात आल्या असतील. तेथे किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, त्याच संस्थेत एक वर्षाची आंतरवासिता, भारतात परत आल्यावर पात्रता परीक्षा आणि पुन्हा एक वर्षाची आंतरवासिता करावी लागते. आपल्या वयात ती वाढीव वर्षे शुल्कातील बचत खाऊन टाकतात.

नाशिकमध्येच खासगी जागा मिळाली, तरी ती नेमकी कुठे आहे यालाही महत्त्व आहे. आडगावच्या डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयात इंदिरानगरहून रोज ये-जा करता येते. इगतपुरी तालुक्यातील धामणगावच्या एसएमबीटीसाठी मात्र वसतिगृह आणि खानावळ यांचा खर्च धरावा लागेल. कर्जाच्या अर्जात हा खर्च, पुस्तके आणि उपकरणे यांचाही समावेश करता येतो, पण तो पहिल्याच अर्जात करावा. नंतर रक्कम वाढवून घेणे म्हणजे नवी फाइल करण्यासारखेच असते.

नोकरीबाबत सांगायचे तर इतक्यात राजीनामा देऊ नये. पाच वर्षांची सलग सेवा पूर्ण झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो आणि भविष्य निर्वाह निधीची रक्कम करमुक्त काढता येते. आपल्याला त्यासाठी चारच महिने उरले आहेत. नीटचा पहिला प्रयत्न नोकरीत राहून करावा. त्या परीक्षेच्या आधीच, निकालाच्या भरात नव्हे, आपण जास्तीत जास्त किती रक्कम देणार हे वडिलांसोबत बसून कागदावर लिहून ठेवावे. आपल्या जागी मी असतो, तर शासकीय जागेसाठी दोन प्रयत्न केले असते, फेरीतील खासगी जागा घरून ये-जा करता येईल अशीच स्वीकारली असती आणि संस्था स्तरावरील कोट्याचा अर्जच भरला नसता.

निकाल लागल्यानंतर वेळ फार थोडा मिळतो. जागा जाहीर झाल्यापासून महाविद्यालयात हजर होऊन पहिल्या वर्षाच्या शुल्काचा धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) जमा करण्यास काही दिवसांचीच मुदत असते, आणि तेवढ्या अवधीत तारणाचे कर्ज कोणतीही शाखा मंजूर करू शकत नाही. त्यामुळे पहिल्या वर्षाचे शुल्क मुदत ठेवीत किंवा बचत खात्यात हाताशी ठेवावे आणि निकालाच्या आधीच शाखेत जाऊन तत्त्वतः मंजुरीबद्दल बोलून घ्यावे. स्वतः भरलेले पहिल्या वर्षाचे शुल्क पावत्या दाखवून कर्जातून परत मिळते का, हेही त्याच भेटीत अधिकाऱ्यांना विचारून मंजुरीपत्रात लिहून घ्यावे.