वय ४४, इंग्रजी वाचता येतं. बोलायची वेळ आली की गाडी अडते

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

चाकणच्या ऑटो पार्ट्स कारखान्यातले एक शिफ्ट सुपरवायझर. मराठी शाळा, मग मेकॅनिकल डिप्लोमा. बढती मिळाली आणि ग्राहक कंपनीच्या ऑडिटरना, म्हणजे दर्जा तपासायला येणाऱ्यांना, उत्पादनाची लाइन दाखवायचं काम गळ्यात पडलं, तेही इंग्रजीतून. दोन क्लास अर्ध्यात सोडून झाले होते. बोलायला शिकायचं म्हणून आमच्याकडे आले तेव्हा विचारणं एवढंच होतं, "या वयात जमेल का, की उगाच पैसे घालवतोय?"

उच्चाराच्या बाबतीत वय आडवं येतं, हे खरं. मातृभाषेचा ढंग मोठेपणी सहसा पूर्ण जात नाही. पण शब्द आणि वाक्यरचना यांत प्रौढ माणूस सुरुवातीला लहान मुलापेक्षा भराभर पुढे जातो. ऑडिटरला बॅच नंबर आणि कारण कळलं की त्याचं काम होतं.

पहिल्या भेटीत त्यांनी स्वतः इंग्रजीत लिहिलेला तक्रारीचा एट-डी रिपोर्ट (दोषाचं कारण आणि उपाय आठ टप्प्यांत मांडणारा अहवाल) पाहिला. किरकोळ चुका सोडल्या तर चांगला होता. तीच तक्रार त्यांनी मराठीत दोन मिनिटं धडाधड सांगितली. इंग्रजीत दुसऱ्याच वाक्यावर थांबले. भाषा डोक्यात होती, तोंडाला सवय नव्हती. यात नवल नाही. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. त्याआधी मराठी शाळेतली मुलं पाचवीत एबीसीडी गिरवायची आणि पुढची वर्षं उताऱ्याखालचे प्रश्न, काळ बदला, भाषांतर करा यांत जायची.

थांबण्याची जागा मात्र नीट पाहण्यासारखी होती. "काल दुसऱ्या शिफ्टला बर आलेले पार्ट आम्ही बाजूला काढले" (बर म्हणजे धातूच्या कडेला राहिलेली खरखरीत कोर) या मराठी वाक्यात क्रियापद शेवटी आहे. इंग्रजीला ते कर्त्यापाठोपाठ लागतं. मनात मराठी वाक्य जुळवून उलटवायला गेलं की क्रियापद हाती येईपर्यंत सगळं डोक्यात धरून ठेवावं लागतं, आणि तिथेच धागा तुटतो. उपाय साधा: आधी 'वी रिमूव्ड' एवढंच म्हणायचं, काय, कधी, कुठे हे मागून एकेक जोडायचं. सोबत दहा-बारा तयार तुकडे पाठ: 'वी फाउंड दॅट', 'द रीझन वॉज', 'लेट मी चेक अँड टेल यू'.

आधीच्या क्लासांत घोळ कशाने झाला? पहिला महिनाभर बारा काळांचा तक्ता आणि प्रत्येक वाक्याला मध्येच दुरुस्ती. बोलणाऱ्याला अर्ध्यात तोडलं की तो पुढचं वाक्य आखूड करतो, मग बोलणंच टाळतो. चुका टिपून ठेवायच्या आणि बोलणं संपल्यावर दोन-तीनच सांगायच्या, त्याही अर्थ फिरवणाऱ्या. 'द' राहिला तर सध्या राहू द्या. पण "यू डिडन्ट चेंज द टूल?" याला "येस" म्हटलं तर? मनात "हो, नाही बदललं" असतं. समोरचा मात्र गोंधळतो, कदाचित टूल बदललं असंच धरतो. इंग्रजीत इथे 'नो, वी डिडन्ट' हवं. ही चूक पहिल्याच आठवड्यात काढली.

सरावाला ४-३-२ ही पद्धत निवडली. एकच विषय, समजा रिजेक्ट झालेला लॉट, तीन वेगवेगळ्या श्रोत्यांना सांगायचा: आधी ४ मिनिटं, मग ३, मग २. काय सांगायचं ते ठरलेलं असल्याने डोकं भाषेकडे मोकळं होतं आणि वेग आपोआप वाढतो. चार मिनिटं जड गेली तर ३-२-१ करा. श्रोता बदललाच पाहिजे. त्याच माणसाला तिसऱ्यांदा सांगताना कंटाळा येतो आणि तपशील गळतात. कागदावर पूर्ण मजकूर लिहू नये, पाचेक शब्दच लिहावेत. नाहीतर ते वाचन होतं आणि ऑडिटरने मध्येच प्रश्न टाकला की पाठांतर कोसळतं.

शिक्षक कसा निवडायचा, हा त्यांचा पुढचा प्रश्न. एम.ए. इंग्रजीत मुख्यतः साहित्य असतं, बी.एड. शाळकरी मुलांसाठी. प्रौढांना शिकवण्याचं वेगळं प्रशिक्षण असतं: केंब्रिजच्या सेल्टा अभ्यासक्रमात किमान १२० तास आणि त्यात खऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांना परीक्षकांसमोर ६ तास शिकवणं येतं. प्रमाणपत्र नसलेले काही शिक्षकही उत्तम शिकवतात, म्हणून डेमोला बसाच. "तुम्हाला इंग्रजी नेमकं कुठे लागतं?" हे शिक्षक आधी विचारतात का? तासात जास्त कोण बोलतं? २५ जणांच्या एका तासाच्या वर्गात शिक्षक अर्धा तास बोलले तर तुमच्या वाट्याला जेमतेम सव्वा मिनिट येतं. जोड्या करून बोलायला लावत असतील तर मोठा वर्गही चालतो, तरी सहा ते आठ जण बरे.

'३० दिवसांत फाडफाड' या जाहिरातीवर आमचा विश्वास नाही. भाषा किती येते हे मोजणाऱ्या युरोपीय मोजपट्टीवर ए-२ (जुजबी बोलण्याची पातळी) वरून बी-१ (ओळखीच्या विषयावर स्वतः निभावण्याची पातळी) ला जायला साधारण १५० ते २०० तास धरतात. रोज एक तास म्हणजे पाच ते सात महिने. पण एकच प्रसंग निभावण्याइतकी तयारी त्याहून बरीच आधी होते. या गृहस्थांनी तीन महिन्यांनी लाइनवरची फेरी स्वतः सांभाळली. फोनवर अजून अडतं, कारण तिथे हातवारे नाहीत आणि पार्टही समोर नसतो. आता तासातला निम्मा वेळ पाठीला पाठ लावून बसायचं, नंबर आणि तारखा ऐकून लिहायच्या आणि "सो यू सेड फोर्टी, फोर झिरो?" असं खात्री करून घ्यायचं, हे चाललं आहे.