बर्फ सुटण्यापूर्वीचे काम

ईली, मिनेसोटा
मार्चचा शेवटचा आठवडा

प्रिय चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. मिनियापोलिसमधली मे महिन्यापासूनची कचेरीतली नोकरी घ्यावी की पुन्हा कॅनू (वल्ह्याने चालवायच्या हलक्या, निमुळत्या होड्या) आणि तंबूसारखे सामान भाड्याने देण्याच्या आमच्या व्यवसायात यावे, हा तुझा प्रश्न मी नीट वाचला; पण मला अस्वस्थ केले ते त्या प्रश्नाने नव्हे, त्याच्या खाली लिहिलेल्या दोन ओळींनी. गेल्या वर्षी एप्रिलभर तू शेडमध्ये तंबूंच्या चेना ओढून पाहिल्यास, लाइफ जॅकेटे दाबून पाहिलीस, आणि तळ्यावर जायला मात्र मे उजाडला, असे तू लिहितोस. ग्राहक 'जाण्याची जबाबदारी आमची स्वतःची' अशा कागदावर सही करूनच जातात, मग प्रत्येक वस्तू आपण पुन्हा पुन्हा का तपासायची, असेही विचारतोस. नोकरीचे मी शेवटी लिहीन. आधी या प्रश्नाचे उत्तर देते, कारण ते तुला पटले नाही तर तू कुठेही काम केलेस तरी मला समाधान वाटणार नाही.

बाउंडरी वॉटर्सचा, म्हणजे कॅनडाच्या सीमेलगतच्या राखीव रानाचा प्रदेश सुमारे ११ लाख एकरांचा आणि १,१०० हून अधिक तळ्यांचा आहे. १९६४ च्या आणि पुढे १९७८ च्या कायद्याने तो जाणीवपूर्वक असा ठेवला आहे की आत रस्ता नाही, दुकान नाही, आणि बहुतेक तळ्यांवर इंजिनाची होडीही चालत नाही. लोक याचसाठी येतात आणि आपले पोटही यावरच चालते. पण याचा दुसरा अर्थ असा की आपल्या धक्क्यावरून निघालेला माणूस तीन पोर्टेज (दोन तळ्यांमधल्या, होडी उचलून न्यायच्या पायवाटा) ओलांडून गेला की त्याच्याजवळ फक्त आपण बांधून दिलेले सामान उरते. पावसात तंबूची शिवण गळाली तर ती तिथे कोणी बदलून देत नाही. म्हणून मी तुला गेल्या वर्षी सांगितले आणि आजही तेच सांगते की आपल्या हाताखालून गेल्याशिवाय कोणतीही वस्तू पाण्यावर जाता कामा नये. यादीवर खूण झाली आहे किंवा दुसऱ्या कोणी पाहिले असेल, हे मला चालत नाही.

पाणी गाळण्याच्या फिल्टरचे उदाहरण घे. त्यात केसासारखे बारीक पोकळ तंतू असतात, आणि असा फिल्टर वापरल्यानंतर ओला असताना एकदा गोठला की ते तंतू तडकतात. बाहेरून त्यावर काहीही दिसत नाही आणि पाणी पूर्वीसारखेच येत राहते. त्यातून जिआर्डिया हा आतड्यांना त्रास देणारा सूक्ष्म परजीवी पोटात गेला तर त्रास साधारण एक-दोन आठवड्यांनी सुरू होतो. तोवर माणूस आपल्या गावी पोचलेला असतो, आपल्याकडे तक्रारही येत नाही आणि आपण मात्र सर्व ठीक असल्याच्या समजुतीत राहतो. म्हणून प्रत्येक फिल्टरने हिवाळा कुठे काढला हे मला माहीत असावे लागते. ज्याची खात्री नाही तो मी टाकून देते, आणि त्याच्या किमतीबद्दल घरात कोणी बोललेले मी ऐकून घेत नाही.

कॅनूचेही तसेच आहे. केव्हलारची, म्हणजे हलक्या पण मजबूत कृत्रिम तंतूंची कॅनू साधारण १९ किलोची असते आणि जुनी अॅल्युमिनियमची ३० किलोंहून जड, त्यामुळे ग्राहकाला केव्हलारचीच हवी असते, आणि त्यात चूक काही नाही. पण ती खडकावर घासली की वरच्या रेझिनच्या थराखाली तंतू उघडे पडतात. एप्रिलच्या मंद उजेडात ते डोळ्यांना दिसत नाहीत. तळहात तळावरून सावकाश फिरवला की जागा खरखरीत लागते, आणि तिथेच घासून, एपॉक्सी लावून, कापडाचे ठिगळ बसवायचे असते. खांद्यावर टेकणाऱ्या लाकडी जुवाचे बोल्ट मी दर वेळी पाना लावून पाहते. १०० रॉडचे पोर्टेज, म्हणजे सुमारे अर्धा किलोमीटर, माणूस ती कॅनू डोक्यावर उलटी घेऊन वितळत्या चिखलातून आणि ओल्या दगडांवरून चालणार असतो. मध्येच जू सुटले तर त्याची मान आणि आपली कॅनू, दोन्ही जाण्याची भीती. डुलूथ पॅकांचे, म्हणजे पाठीवर न्यायच्या मोठ्या कॅनव्हासच्या पिशव्यांचे चामडी पट्टे हिवाळ्यात उंदीर कुरतडतात, तेही वरून नव्हे, बक्कलाच्या आतल्या बाजूने. तिथे बोट घालून पाहिल्याशिवाय ते कळत नाही. हे तुला ठाऊक आहे, कारण गेल्या वर्षी असा एक पट्टा तूच मला आणून दाखवला होतास. मग हा प्रश्न तू कसा विचारतोस?

आता पाण्याविषयी. आमच्या भागात बर्फ बहुधा एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या आरंभी सुटते, पण त्याचा नेम नाही. २०१२ मध्ये कित्येक तळी मार्चअखेरीस मोकळी झाली होती, तर २०१३ मध्ये मासेमारीचा हंगाम मेच्या मध्यास उघडला तेव्हाही उत्तरेकडील अनेक तळ्यांवर बर्फ होते. बर्फ गेले, लून पक्षी परतले, ऊन पडले की लोकांना उन्हाळा आल्यासारखे वाटते. हवा २० अंशांची असते आणि पाणी मात्र वरपासून तळापर्यंत ४ अंशांच्या आसपास. त्यात पडलेल्या माणसाचा श्वास ताब्यात यायला सुमारे एक मिनिट लागते, हातपाय उपयोगी पडतील असा अवधी सुमारे दहा मिनिटांचा असतो, आणि शुद्ध हरपायला तासभर लागतो. पण हा तासभर त्यालाच मिळतो ज्याच्या अंगावर लाइफ जॅकेट बांधलेले आहे. कॅनूत पायाशी ठेवलेल्या जॅकेटचा त्या पहिल्या मिनिटात काही उपयोग होत नाही.

काही वर्षांपूर्वी मेच्या पहिल्या आठवड्यात एक अनुभवी गट आला होता. जॅकेट अंगावर ठेवणार नाही आणि मोठ्या तळ्यावर काठाकाठाने न जाता मधून जाणार, असे त्यांनी मला स्पष्ट सांगितले. मी त्यांना कॅनू दिली नाही. ते दुसरीकडून सामान घेऊन गेले, आणि परतल्यावर आमच्याविषयी बरेच कडवट लिहिले. ते सुखरूप परतले, हेही मी तुला सांगायला हवे. घरात त्यावरून बोलणे झाले, हंगामाच्या आरंभी मोठी रक्कम गेली म्हणून. परंतु ते सुखरूप आले म्हणून माझा निर्णय चुकला असे मी त्या दिवशी मानले नाही आणि आजही मानत नाही. त्या दिवशी वारा उठला नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते.

सहीच्या कागदाविषयी तू जे लिहिलेस त्याचा मला राग आला, हे लपवत नाही. तो कागद वकिलासाठी असतो. एका परवान्यावर जास्तीत जास्त नऊ माणसे आणि चार होड्या, आत डबे आणि काचेच्या बाटल्या न्यायच्या नाहीत, हे नियम ग्राहकाला समजावून सांगणे, सारे अन्न पिशव्यांत भरून देणे, नकाशा पसरून वाट बोटाने दाखवणे, ही सगळी कामे आपली आहेत. कोणाची सही घेतल्याने ती कमी होत नाहीत.

माझ्या सासऱ्यांनी हा व्यवसाय अॅल्युमिनियमच्या थोड्या होड्यांवर सुरू केला आणि पाठ साथ देईनाशी झाली तेव्हा तो आमच्या हाती दिला. माझ्या मुलाने प्रत्येक वस्तूला बारकोड लावावा असे सुचवले, तेव्हा मोजणीसाठी मी तो मान्य केला, तपासणीसाठी नाही. वस्तू शेडमध्ये आहे एवढे बारकोडला कळते. ती नेण्यायोग्य आहे की नाही ते हातालाच कळते. मुलाला हा माझा हटवाद वाटतो. वाटू दे.

या हट्टाची किंमत मला माहीत नाही असे समजू नकोस. आमचा हंगाम चैत्र-वैशाखात उभा राहतो आणि सांगलीला घरातली लग्ने त्याच दिवसांत असतात. दोन्ही भाच्यांची लग्ने मी फोटोंत पाहिली. वडील आजारी होते तेव्हा बर्फ नुकतेच सुटले होते, हाताखाली दोन नवी मुले होती आणि परवाने घेतलेले गट रोज येत होते. मी हंगाम संपला की येते असे कळवले, आणि ते मेमध्येच गेले. त्याची रुखरुख आजही जात नाही. तरीही त्या आठवड्यात शेड मी कोणाच्या भरवशावर सोडायला हवी होती, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही. माझ्या नणंदेने एकदा विचारले होते की ईलीत तुझ्यावाचून कोणी बुडले असते का. कदाचित बुडले नसते. पण हे खात्रीने सांगू शकणाऱ्याच्या हाती मी किल्ल्या दिल्या नसत्या.

आता तुझ्या नोकरीविषयी. ती घेतलीस तर मला वाईट वाटेल, राग येणार नाही. पैसा लागतो, आणि तुझ्या आईवडिलांची काळजीही खरी आहे. मात्र शनिवार-रविवारी येऊन मदत करीन, असे जे तू सुचवतोस ते मला नको. सोमवारी परत आलेला तंबू शनिवारपर्यंत थांबत नाही, तो बुधवारी पुन्हा बाहेर जातो, आणि तो कोणत्या पावसातून आला हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या तपासणीवर मी त्यात कुणाला झोपू देणार नाही. आलास तर एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत ये. यंदा फिल्टर आणि लाइफ जॅकेटे पूर्णपणे तुझ्याकडे देणार आहे. त्यांच्या वहीत फक्त तुझे अक्षर असेल आणि तू नाही म्हणालास तर मीही ती वस्तू बाहेर देणार नाही. धक्का पाण्यात उतरवायच्या दिवशी रबरी बूट लागतील, गेल्या वर्षीचे तुला घट्ट होत होते, तेव्हा नवे घे. रोज संध्याकाळी जेवणाआधी तासभर कॅनू घेऊन तळ्यावर जायची मोकळीक देते, बर्फ सुटल्यापासून. ही तुझी तक्रार रास्त होती.

काय ते दहा दिवसांत कळव. तू येणार नसलास तर दुसऱ्या कोणाला तरी तळहाताने कॅनू तपासायला शिकवावे लागेल, आणि त्याला वेळ लागतो.

तुझी,
मावशी